न धुतलेली साडी

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, आणि लिहून ठेवावं असं माझ्या आयुष्यात फारसं काही घडलेलंही नाही. ज्यांनी खूप वाचलंय, खूप सोसलंय, ज्यांना आपलं म्हणणं नीट मांडता येतं, त्यांनी लिहावं. मी लिहितोय ते आमच्या सरांनी एक पान लिहायला सांगितलं होतं म्हणून. विषय होता, 'या एकवीस दिवसांत माझ्यात काय बदललं'. ते पान मला वेळेत लिहिता आलं नाही. आता लिहायला बसलोय तर त्यात बदलाबद्दल थोडंच आहे आणि म्हशीबद्दल फार आहे. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

मी कोल्हापुरात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय तत्त्वज्ञान. हा विषय मी निवडला असं घरी सगळे समजतात. खरं म्हणजे ज्या विषयाला जागा शिल्लक होती तो मिळाला, आणि मग तो आवडायला लागला. आमचं गाव मुरगूडच्या अलीकडं, एस.टी.नं सव्वा-दीड तास. पहिल्या वर्षी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं होतं, "त्यात काय शिकिवत्यात?" मी म्हणालो, "विचार करायला शिकवतात." आप्पा साखर कारखान्यात वॉचमन आहेत. रात्रपाळीत त्यांच्याकडं विचार करायला भरपूर वेळ असतो. ते म्हणाले, "त्याला कॉलेज लागतंय व्हय?" त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर सरांनी एक वर्ग सुरू केला. परीक्षेशी त्याचा संबंध नव्हता. शनिवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत आम्ही नऊजण जमायचो. पहिल्या शनिवारी सर म्हणाले, "तुमच्या घरच्या अडचणी मला माहीत आहेत. अडचणी रांगेत उभ्या असतात. एक गेली की मागची पुढं येते. ही रांग संपली की मी स्वतःकडं बघेन असं म्हणणारा माणूस कधीच स्वतःकडं बघत नाही. तेव्हा रोज अर्धा तास त्या रांगेकडं पाठ करून बसायचं."

नियम दोनच होते. एकवीस दिवस ठरलेल्या वेळी अर्धा तास डोळे मिटून बसायचं, आणि मनात काय आलं ते वहीत लिहायचं. दुसरा नियम, एकवीस दिवस खोटं बोलायचं नाही. बारीकसंही नाही आणि कुणाच्या भल्यासाठीही नाही. नियम मोडला तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.

मला हे फार पटलं. आमच्या घरात उठल्यापासून बोलणं असतं ते वैरणीचं, शेतातल्या मोटारीच्या लाईटचं, चुकलेल्या एस.टी.चं. मला वाटायचं, आपण शिकलोय तर निदान आपल्या डोक्यात तरी दुसरं काही असावं. मी नवी वही घेतली आणि पट्टीनं समास आखले. चौथ्या दिवशीची नोंद अशी आहे: 'अर्धा तास बसलो. मनात आलेले विचार: सरकी पेंड, एस.टी.चा पास, आईचं पोट, सरकी पेंड.'

आईचं पोट ही रांगेतली सगळ्यात पुढची अडचण होती. पावसाळ्यापासून तिच्या ओटीपोटात दुखत होतं. माझी मोठी बहीण शिरोळकडं दिली आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. अक्कानं आईला जवळजवळ ओढतच कोल्हापूरला नेलं. तपासणीत गर्भपिशवीजवळ गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर काढून टाका, काढल्यावर तपासायला पाठवू, म्हणजे कसली आहे ते कळेल. 'कसली आहे' याचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळला, आणि कुणी तो बोलून दाखवला नाही.

आई म्हणाली, "बघू नंतर."

नंतर म्हणजे म्हैस आटल्यावर. आमची म्हैस पावसाळा सरताना व्याली आणि आठव्या दिवशी रेडकू मेलं. रेडकू गेलेली म्हैस सहजासहजी पान्हा सोडत नाही. आमच्या म्हशीनं तो फक्त आईला सोडला. आप्पांनी एकदा कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला पान्ह्याचं इंजेक्शन टोचलं होतं. तेव्हापासून ते गोठ्याच्या दारात आले की ती मागचा पाय उचलून तयार राहायची. धार निघाली नाही तर कास दगडासारखी होते, सड जातो, आणि मग ती म्हैस दुधाची राहत नाही. आई दोन्ही वेळेला तिच्याखाली बसायची. दवाखान्यात आठ दिवस राहायचं म्हणजे सोळा धारा. हा हिशेब आईनं एकदाच मांडला आणि विषय संपवला.

वर्ग सुरू झाला त्याच आठवड्यात अक्का पुन्हा आली. आई भाकरी करत होती.

"म्हस मोठी का तू मोठी?" अक्का म्हणाली.

"मी कुठं पळून चाललोय? हितंच हाय की." आमच्याकडं बायकाही 'चाललोय', 'येतो' असंच बोलतात.

"गाठ वाढालीय आई."

"दूधबी वाढालंय."

आप्पा म्हणाले, "विकून टाकूया म्हस."

आईचे हात परातीत थांबले. "विका. आणि मलाबी विका तिच्यासंगं. जोडी म्हटल्यावर गिऱ्हाईक लवकर मिळंल."

मी म्हणालो, "मी काढतो धार."

अक्का हसली. आई हसली नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तू? तू वही घिऊन बसशील तिच्याखाली." पण दुसऱ्या दिवशी पहाटे तिनंच मला उठवलं.

तिनं आपली रोजची हिरवी साडी माझ्या पँटवरून गुंडाळली आणि डोक्यावरून पदर घेतला. आमच्या भागात हे नवं नाही. बायको माहेरी गेली की पुष्कळ पुरुष तिची साडी गुंडाळून धार काढतात, फक्त त्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. त्या साडीला शेण, भिजवलेल्या पेंडीचं आंबोण, चुलीचा धूर आणि आई असा सगळा मिळून एक वास होता. म्हशीला तो वास म्हणजेच आई, असं आई म्हणाली. "तोंड बघत न्हाय ती. तोंडात काय हाय?"

दोन दिवस मी आईच्या शेजारी बसलो. तिच्या हातावर माझा हात, मग माझ्या हातावर तिचा. शिकायच्या चौथ्या दिवशी ती माझ्या पाठीमागं उभी राहिली आणि म्हशीशी बोलत राहिली. सहाव्या दिवशी दारात. आठव्या दिवशी ती घरात निघून गेली. मी एकटा होतो. म्हशीनं मान वळवून साडी हुंगली, थोडा वेळ थांबली आणि पान्हा सोडला. मी बसायची वेळ पहाटे पाच ठरवली होती. धारेची वेळही पाचच निघाली. म्हणून मी साडेचारला बसायला लागलो, गोठ्यातच, पालथ्या बादलीवर. त्या दिवसाची नोंद: 'आज मन बऱ्यापैकी स्थिर. तीन लिटर.'

त्या संध्याकाळी आई तयार झाली. पण तिनं एक अट घातली. "एक येळ जरी तिनं दिलं न्हाय तरी मला खरं सांगायचं. मी हाय तशी उठून येतो."

"खरंच सांगेन," मी म्हणालो. ते म्हणताना मला जरा अभिमानही वाटला, कारण खरं बोलणं माझं त्या दिवसांत चालूच होतं.

बुधवारी अक्का आली आणि दुपारच्या एस.टी.नं आईला घेऊन गेली. गुरुवारी रक्त वगैरे तपासणार होते आणि शुक्रवारी ऑपरेशन. माझा बारावा दिवस होता. मी कॉलेजमधून साडेचारला घरी आलो तर अंगण कपड्यांनी भरलं होतं. चादरी, आप्पांचा युनिफॉर्म, माझे शर्ट, आणि दोरीच्या टोकाला आईच्या रोजच्या चारही साड्या. हिरवीसुद्धा. तिनं सगळं साबणानं खसाखसा धुऊन, खळबळून, झटकून वाळत घातलं होतं. स्वयंपाकघरातले डबे पुसून ओळीनं लावले होते. घर इतकं स्वच्छ मी दिवाळीतही बघितलं नव्हतं.

मला तेव्हा काही कळलं नाही. मी हिरवी साडी काढली, गुंडाळली, आंबोण ठेवलं आणि खाली बसलो. म्हशीनं मान वळवली, पदर हुंगला आणि मान पुन्हा सरळ केली. आंबोण तिनं सगळं खाल्लं. दूध दिलं नाही. पाऊण तास मी तिची कास चोळत, आई बोलते ते सगळं बोलत बसलो. अर्धा तांब्या निघाला असेल. मग तिनं पाय उचलून बादली बाजूला सारली. तिनं ती लाथाडली नाही. आपल्याला नको असलेलं ताट सरकवावं तशी सरकवली.

शेजारच्या काकी कुडावरून बघत होत्या. त्या आत आल्या, पदराचं टोक नाकाला लावलं आणि म्हणाल्या, "ह्या साडीत तुझी आई कुठं हाय? ही तर दुकानातली साडी झाली की."

"आईनं धुतली."

"बाई आपरेशनला निघाली की घर धुऊनच जाती बाबा. मीबी गेलतो तवा चुलीला पोतेरं दिऊन गेलतो. मागनं लोक घरात येत्यात. घाण कशाला दिसू दे?"

लोक घरात कशाला येतात हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, "काकी, तुम्ही बघता का बसून?"

"मी न्हाय. तिनं मला गेल्या साली लाथ घातलीया. मी तिच्यासंगं बोलत न्हाय."

गुरुवारी पहाटे मी साडेचारला गोठ्यात गेलो. सर एकदा म्हणाले होते की आपल्या मनातली अस्वस्थता आजूबाजूच्यांना जाणवते. मला वाटलं, म्हशीलाही जाणवत असेल. वासाचा इलाज माझ्याकडं नव्हता, मनाचा करून बघावा म्हणून मी तिच्यासमोरच मांडी घालून बसलो, डोळे मिटले आणि श्वासाकडं लक्ष दिलं. खरोखर बरं वाटलं. डोळे उघडले तेव्हा तिनं वहीचा कोपरा खाल्ला होता. त्यात सहाव्यापासून आठव्या दिवसापर्यंतचा बराचसा भाग गेला. दूध तिनं तेव्हाही दिलं नाही. कास आता हाताला ताठ लागत होती आणि हात लावला की ती कातडी थरथरवत होती.

आप्पा पाळीवरून आले, दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "हिला कळवायचं न्हाय."

हिला म्हणजे आईला.

मग मला आठवलं. बुधवारी सकाळची धार आईनंच काढली होती. चारही साड्या भिजत पडल्या होत्या, म्हणजे तिनं ती जायच्या साडीतच काढली असणार. मी अक्काला फोन लावला.

"आईची येताना नेसलेली साडी कुठं आहे?"

"हाय की. हितं गाऊन दिलाय तिला. साडीला शेण लागलंय, धुवायलाच निघालोय मी."

"धुऊ नको."

"अरं वास मारालाय तिला."

"पाण्यात घातलीस काय?"

"न्हाय अजून."

"मी येईपर्यंत तशीच ठेव. पिशवीत घाल आणि पिशवीला गाठ मार."

मग तिला कळलं. "आईला काय सांगू?" तिनं विचारलं. मी म्हणालो, मी येतोय.

दवाखाना राजारामपुरीत होता. सीबीएस स्टँडवर उतरून मी चालतच गेलो. आई खिडकीजवळच्या खाटेवर बसली होती. तिला साडीशिवाय दुसऱ्या कशात मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या निळ्या गाऊनमध्ये ती कुणाची तरी धाकटी बहीण वाटत होती.

"आज कॉलेज न्हाय?"

"आहे."

"मग हितं कसा?"

"अक्काकडं काम होतं." हे खरं होतं.

तिनं गाऊनची बाही खाली ओढली. "दिलं का तिनं?"

मला इथं लिहायला आवडलं असतं की माझ्या मनात मोठा झगडा झाला. तसं झालं नाही. सर आठवले नाहीत, वही आठवली नाही. शुक्रवार सकाळचे दहा, ऑपरेशनची वेळ, एवढंच डोक्यात होतं. मी म्हणालो, "दिलं की. तीन लिटर."

"आणि सकाळी?"

"सकाळी पावणेतीन."

तीन नंतर पुन्हा तीन म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं, म्हणून पावणेतीन म्हणालो. हे मला न ठरवता सुचलं. आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पदर नीट घेतोस न्हवं डोक्यावर?" मी हो म्हणालो. पदर दोन्ही वेळा खांद्यावरच होता, तेव्हा हे तिसरं खोटं. ती भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

अक्कानं मला दाराबाहेर पिशवी दिली. ती मी एस.टी.त मांडीवर धरून बसलो. शेजारच्या सीटवरच्या पावण्यांनी दोनदा पिशवीकडं बघितलं आणि पुढं एक जागा रिकामी झाल्यावर तिथं जाऊन बसले.

त्या संध्याकाळी म्हशीनं पदर हुंगला. मान सरळ केली नाही. पुन्हा हुंगला. मग तिनं नाक साडीत खुपसून इतका लांब श्वास घेतला की कापड तिच्या नाकपुड्यांना चिकटलं. मी हलायचं टाळत होतो. कास हाताखाली आधी मऊ झाली, मग भरली. पहिली धार बादलीच्या तळाला लागली तेव्हा कुडापलीकडून काकी म्हणाल्या, "आली बाई माझी." त्या तिच्याशी बोलत नव्हत्या तरी.

साडेचार लिटर निघालं. दूध संस्था बंद व्हायची वेळ झाली होती. किटली घेऊन मी पळत गेलो आणि रांगेत उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की साडी अंगावरच आहे, पदरासकट.

"या वैनी," पुढचा माणूस म्हणाला. "आज उशीर?"

"मालक घरी न्हाईत वाटतं," दुसरा म्हणाला.

"हसू नका रं," एक म्हातारे आजोबा म्हणाले. "पोरगं आईवर गेलंय. साडीत तर लईच."

साडी तिथं सोडायची तर पँट शेणानं भरलेली. मी तसाच उभा राहिलो. दूध मोजणाऱ्यानं वर न बघता आईचा नंबर टाकला, फॅट बघितली आणि पुढच्याला हाक मारली. एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी वाटली नाही. हा बदल म्हणायचा का, हे मला ठरवता आलं नाही, म्हणून वहीत लिहिलं नाही.

शुक्रवारी आप्पा दवाखान्यात गेले. मी घरी, म्हशीजवळ. दीड वाजता फोन आला. "झालं," आप्पा म्हणाले. "शुद्धीवर आलीया. गाठ दाखिवली डाक्टरनं. लिंबाएवढी हाय म्हणं. मी बघितलं न्हाय." गाठ तपासायला पाठवली होती. रिपोर्टला आठ-दहा दिवस लागणार होते.

शनिवारी सकाळची धार काढून मी वर्गाला गेलो. प्रत्येकानं आपला आठवडा सांगायचा होता. माझी पाळी आल्यावर मी सगळं सांगितलं. म्हैस, साडी, पावणेतीन लिटर. कुणी हसलं नाही. एक मुलगी म्हणाली, "सर, हे खोटं धरू नका. याच्या आईचं ऑपरेशन राहिलं असतं."

सर म्हणाले, "नियम काय होता?"

"कुणाच्या भल्यासाठीही नाही," मी म्हणालो.

"मग?"

"पहिल्या दिवसापासून."

ती मुलगी काहीतरी बोलणार होती, पण सरांनी माझी वही मागितली. ते उभे राहून बरीच पानं वाचत राहिले. खाल्लेल्या कोपऱ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. वही परत देताना म्हणाले, "ती साडी धुऊ नकोस एवढ्यात." मला त्यांचा राग आला नाही. उलट हलकं वाटलं. वर्ग सुटल्यावर मी घरी आलो आणि नव्या पानावर 'दिवस पहिला' लिहिलं.

बुधवारी आई घरी आली. खाट मधल्या घरात टाकली. तिला वाकायचं नव्हतं, वजन उचलायचं नव्हतं, तीन महिने म्हशीखाली बसायचं नव्हतं. संध्याकाळची धार काढून मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, बुधवारी संध्याकाळी आणि गुरुवारी सकाळी म्हशीनं दूध दिलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"ठावं हाय," आई म्हणाली.

"अक्कानं सांगितलं?"

"अक्का कशाला सांगतीया? दूध घातलं की संस्थेचा मेसेज येतोय की माझ्या फोनवर. दोन टायमाला आलाच न्हाय. तू पावणेतीन म्हणालास तवा फोन माझ्या उशाखालीच हुता."

मला ते सुचलंच नव्हतं. खातं आईच्या नावावर होतं, फोन आईचा होता, आणि मी दहा दिवस त्या रांगेत उभा राहत होतो.

"मग उठून का आली नाहीस? तूच म्हणाली होतीस."

आई वर आढ्याकडं बघत होती. मग ती म्हणाली, "दमलतो."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तितं पडलोतो. वर पंखा फिरालता. कुणी हाक मारत न्हवतं. म्हटलं, म्हस दील न्हाईतर न दील. पोरगं खोटं बोलालंय म्हंजे काय तरी करालंच असंल. बघू दे त्याचं ते." मग तिनं विचारलं, "काकी आल्या हुत्या का घरात?" मी हो म्हणालो. "डबे बघितले?" मी म्हणालो, बघितले. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

हे मी त्या रात्री जेवायच्या आधी लिहून ठेवलं. वही माझ्यातल्या बदलासाठी होती, म्हणून हे समासात लिहिलं.

रिपोर्ट पुढच्या सोमवारी मिळणार होता. तो मीच आणायचा हे न बोलता ठरलं, कारण तो इंग्रजीत असतो. आप्पा म्हणाले, "नीट वाच. घाई करू नगंस. वाचून फोन कर." निघताना आईनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मुलाखतीला निघालेल्या माणसाची करतात तशी.

दुपारी तीनला काउंटरवरून पाकीट मिळालं. मी बाकावर बसून ते उघडलं. दीड पान होतं. पहिल्या ओळीत आईचं नाव आणि वय होतं, ते कळलं. पुढं 'आहे', 'दिसते', 'आणि', 'मध्ये' एवढेच इंग्रजी शब्द ओळखीचे होते. त्यांच्या मधले शब्द मी कधी बघितलेले नव्हते. मी ते पान चार वेळा वाचलं. एका शब्दाच्या सुरुवातीला 'नाही' असा अर्थ असावा असं वाटलं, पण काय नाही ते कळेना. काउंटरवरच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आम्हाला सांगता येत नाही. डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. सहा वाजतील."

फोन वाजला. आईच होती.

"काय लिवलंय?"

चांगलं आहे असं म्हणणं अगदी सोपं होतं. तिला तीन तास बरे गेले असते. आप्पा, अक्का, काकी, सगळे तिच्याभोवती असणार हे मला दिसत होतं. एवढी वर्षं शिकवलेल्या मुलाला एक कागद वाचता येत नाही हे त्यांना कळायला नको, असंही वाटत होतं. खरं सांगायचं तर आईच्या काळजीपेक्षा तेच जास्त वाटत होतं.

"मला कळत नाही आई," मी म्हणालो.

"तुलाबी?"

"मलाबी."

मागं कोंबड्या ओरडत होत्या. मग म्हणाली, "बरं." फोन आप्पांनी घेतला. मला वाटलं ते आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "ज्याला कळतंय तो येईतोवर बस तितंच. हिकडची काळजी करू नगंस."

पण पाचच्या धारेला मी घरी नव्हतो. बाकावर बसून मी घड्याळ बघत होतो. पाच वाजले, साडेपाच वाजले. शेजारी एक म्हातारी आपल्या नातवाला संत्र्याच्या फोडी सोलून देत होती, मला दोन दिल्या. सव्वासहाला पुन्हा फोन आला.

"निघालं," आप्पा म्हणाले. "तीन लिटर."

"कुणी काढलं?"

"मी."

"साडी?"

"मग काय, तशीच बसतोय व्हय? नेसलो. तुझी आई खुर्ची टाकून दारात बसली हुती, बोलत हुती तिच्यासंगं. पाय उचलला न्हाय तिनं." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "हिला हसू आवरंना. टाकं दुखाल्यात म्हणून गप बस म्हटलं तर आणखीनच हसालीय. अजून हसालीय बघ."

मागून खरंच कुणीतरी हसत होतं. तेवढ्यात दार उघडलं आणि आईच्या नावाची हाक आली. मी फोन न ठेवताच आत गेलो.

डॉक्टर हात पुसत होते. त्यांनी कागद घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि उभ्याउभ्याच वाचला. दुसरं पान उलटून बघितलं. मग म्हणाले, "गाठ साधी आहे. कॅन्सर नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवायला घेऊन या."